तिसऱ्या हाकेचा दम

१

सहा तारांवर ज्यांचे दोन सूर धड लागत नाहीत, त्यांना आता नऊ तारा हव्यात. हितेंद्र परबचं हे ठाम मत होतं आणि गिऱ्हाईक समोर असलं म्हणून तो ते गिळून टाकायचा नाही. ठाकूरद्वारच्या नानांच्या दुकानात बावीस वर्षं तो गिटारी लावत होता. लावत होता म्हणजे वाजवत नव्हता हं! खोक्यातून वाद्य काढायचं, मानेचा बाक घालवायचा, तारा चढवायच्या, सुरात आणायच्या आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचं. स्वतःला एक गाणं वाजवता येत असेल तर शपथ. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, "हलवाई कधी पेढे खातो का?"

त्या सोमवारी तीन खोकी आली. नऊ तारांच्या नव्या गिटारी. मान हातात मावेना, तिच्यावरचे सुरांचे पडदे सरळ सोडून पंख्यासारखे तिरके, आणि नववी तार बुटाच्या नाडीएवढी जाड.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "हितू, ही गिटार की इस्त्रीची फळी?"

"पोरांना खालचा सूर हवा असतो नाना. जेवढा खाली जाईल तेवढा."

"खाली जायला नऊ तारा कशाला? जिना आहे की."

नाना स्वतःच्याच विनोदावर हसत गल्ल्याकडे गेले. हितेंद्र आतल्या खोलीत कामाला बसला. पहिल्या दोन गिटारी बिनबोभाट लागल्या. नववा सूर इतका खाली होता की तो कानाला कमी आणि पोटाला जास्त कळायचा. तिसरी गिटार राखाडी रंगाची होती. तिची नववी तार त्याने छेडली, ऐकली, आणि नेहमीप्रमाणे तळवा टेकवून सगळ्या तारा गप्प केल्या.

तारा गप्प झाल्या. तळव्याखाली त्या गार आणि स्थिर होत्या. आणि तेव्हा आवाज आला.

"ए... दा."

थोडं थांबून पुन्हा एकदा, जरा बारीक. जिन्याच्या तळाशी उभं राहून कुणी वर हाक मारावी, तसा.

हितेंद्रने टेबलावरच्या ट्यूनरकडे पाहिलं. काटा हललेला नव्हता. खालून आता मेट्रो जाते, त्याने स्वतःला सांगितलं. दिवसभर जमीन थरथरत असते, लाकूड घुमतं. तार बदलून पाहिली. खुंटी बदलली. अँप्लिफायरची पिनसुद्धा काढून ठेवली. प्रत्येक वेळी तेच. तार छेडायची, दाबायची, आणि मग दोन हाका. तिसरी नाही. मेट्रो काय दोन-दोन मोजून जाते?

संध्याकाळी त्याने गिटार खोक्यात घातली आणि खोक्यावर बाकीची दोन खोकी रचली.

२

हाक त्याने ओळखली होती. उगाच कुणाच्या अंगावर काटा येत नाही.

परब मूळचे मालवणकडचे. आजा गिरणीत लागला आणि लालबागच्या चाळीत पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून खोली घेतली. गिरणी गेली, खोली राहिली. खोलीबरोबर गावच्या रीतीही राहिल्या. त्यातली एक हितेंद्रची आई कमळाबाई हिने दोन्ही मुलांना बाळगुटीबरोबर पाजली होती.

"पयल्या हाकेक ओ देव नये. दुसऱ्याक पण नाय. तिसरी हाक इली तर माणूस. भुताक तिसऱ्या हाकेचो दम नसता."

धाकटा स्वप्नील या रीतीला हसायचा. एकोणीस वर्षांचा पोरगा, गिटारचं वेड डोक्यात आणि दमा छातीत. वर वाजवलं की शेजारी भिंतीवर बुक्क्या मारायचे, म्हणून तो जिन्याखालच्या खोलीत जाऊन बसायचा. तिथे गणपती मंडळाच्या कनाती, पडदे, थर्माकोल. वर्षाची धूळ. दम्याला आमंत्रणच म्हणा ना!

सव्वीस वर्षांपूर्वीचा एक रविवार. दुपारचे दोन. हितेंद्र आणि आई जेवून लवंडले होते. खालून हाक आली, "ए दादा." हितेंद्र कोपरावर उठला, तोच आईचा हात त्याच्या मनगटावर पडला.

"थांब."

"ए दादा." दुसरी हाक जरा बारीक होती.

हात घट्ट झाला. "भर दुपार हा. तिसरी येवंदे."

दोघं थांबली. पंखा फिरत होता. समोरच्या खोलीत कुणी भांडी घासत होतं. तिसरी हाक काही आली नाही.

"बघलंस? तो न्हयच," आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

चारला नळाला पाणी आलं. शेजारच्या मीराबाई हंडा घेऊन खाली गेल्या आणि तिथूनच किंचाळल्या. स्वप्नीलचा दम्याचा पंप वर खोलीत होता, आरशाच्या फळीवर, फणीशेजारी.

भुताला तिसऱ्या हाकेचा दम नसतो. दमेकऱ्यालाही नसतो. हे वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही, पण गेली सव्वीस वर्षं दोघं त्याच वाक्यात राहत होती. हितेंद्रने लग्न केलं नाही. भावाच्या गिटारच्या तारा गंजू नयेत म्हणून तो तारा लावायला शिकला, आणि त्याचंच पोट भरायचं काम झालं. आई सहा वर्षांपूर्वी ठार बहिरी झाली. डॉक्टर म्हणाले, वय. हितेंद्रला वाटे, म्हातारीने आपणहून कान मिटून घेतले. सुटली. त्याचे मात्र शाबूत होते, आणि रविवारी दुपारी त्याला डोळा लागत नसे. आयुष्यात त्याला आता एकच गोष्ट हवी होती. त्या हाकेला एकदा ओ द्यायची.

मग दुकानात ओ का दिली नाही? तोंड उघडलंही होतं. पण मनगट जड झालं, आणि तोंड आपोआप मिटलं. रीत म्हणजे रीत. हाडात मुरलेली.

३

दुसऱ्याच दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. तो बुधवारी दुकानात आला तर राखाडी गिटार विकली गेलेली.

"कुणी नेली?"

"होता एक जण. दाढीवाला, काळं टीशर्ट. तुझी सगळी गिऱ्हाइकं तशीच दिसतात," नाना म्हणाले. "चेहरा का पडला रे? विकायलाच ठेवली होती ना?"

सुटलो, असं हितेंद्रला वाटलं. आणि पाठोपाठ इतकं वाईट वाटलं की जेवणाचा डबा त्याने तसाच परत नेला.

महिना गेला. एका दुपारी दुकानाजवळच्या हॉटेलात तो चहाला शिरला. जागा नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जण एकटाच बसला होता, शेजारच्या खुर्चीत लांबलचक काळी बॅग माणसासारखी बसवलेली.

"बसा ना दादा," तो म्हणाला.

"दादा नको. काका म्हण," हितेंद्र फटकन बोलला, मग ओशाळला. बॅगेकडे पाहून म्हणाला, "नऊ तारा?"

"ओळखलंत?"

"मीच लावलीय ती."

त्याने हितेंद्रकडे नीट पाहिलं. नाव बुद्धभूषण, राहायला नायगावला, एका बँडमध्ये वाजवतो. चेहऱ्याचा रंग उडालेला होता, पण बोलणं एकदम शांत. "मग तुम्ही ऐकली असेल," तो म्हणाला.

"काय?"

"काका, प्लीज. नववी तार."

वेटरने दोन चहा आदळले. हितेंद्रने मेट्रो, लाकूड, थरथर हे सगळं पुन्हा एकदा तोंडात घोळवलं आणि चहाबरोबर गिळलं. "मला माझा भाऊ ऐकू येतो," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, आणि तेही एका परक्या पोराला.

"मला आजोबा. शामराव. लॉकडाऊनमध्ये गेले, ऑक्सिजनवर होते. मला आत सोडलं नाही. काचेपलीकडून ते 'भूषण' म्हणायचे ते नुसतं ओठांवरून कळायचं. रेकॉर्ड करून पाहिलं, रेकॉर्डिंगमध्ये काहीच येत नाही. खोलीत मात्र येतं." तो किंचित हसला. "आमच्यात भूतबित मानत नाहीत काका. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं घर आमचं. म्हणून घाबरलो नाही. माझे आजोबा हाक मारतायत, मी का घाबरू? पहिल्याच हाकेला ओ दिली."

"पहिल्याच?"

"मग काय, तीनपर्यंत मोजत बसू?"

हितेंद्रला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "मग? पुढे काय झालं?"

"हाक बंद झाली. आजोबांना बरं वाटलं असणार." बुद्धभूषणने कप स्वतःकडे ओढला. "पण एक आहे काका. ओ म्हणजे नुसता शब्द नसतो. तोंडातून काहीतरी जातं. गेलेलं परत येत नाही."

"काय जातं?"

 त्याने कप उचलला, ओठांशी नेला आणि फुंकर मारली. चहावर साय धरली होती, आणि ती जराही हलली नाही. त्याने पुन्हा फुंकलं, गाल फुगवून. साय तशीच. मग त्याने कप न पिता खाली ठेवला. हितेंद्रची नजर त्या कपावर खिळली. मग त्याला आठवलं की हा पोरगा बोलताना मध्ये कुठेही दम खायला थांबला नव्हता.

"घेऊन जा ही," बुद्धभूषण बॅग पुढे सरकवत म्हणाला. "नववी काढून टाका, आठच ठेवा. किंवा तुमचं काय ते आटपा आधी. मला घाई नाही."

नाही म्हणायला हवं होतं. शहाण्या माणसाने नाहीच म्हटलं असतं. हितेंद्रने बॅग खांद्याला लावली आणि लालबागची बस पकडली.

४

रविवार. दुपारचे दोन. मुद्दाम तीच वेळ धरली, लपवायचं कशाला?

आई जेवून खाटेवर बसली होती, माळ ओढत. हितेंद्र तिच्या समोर जमिनीवर बसला, गिटार मांडीवर. छोटा अँप भिंतीला टेकवला. आईने गिटारकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. या घरात सव्वीस वर्षांत गिटार वाजली नव्हती. तिच्या हातातली माळ थांबली.

त्याने ठरवलं होतं. या खेपेला ओ द्यायची. पहिल्या हाकेला नाही जमलं तर दुसऱ्या. सायीचं त्याला आठवत होतं. आठवू दे! जे काय जायचं ते जाऊ दे, स्वप्नीलला दोन तास तसं ठेवलं होतं आपण.

तार छेडली. फळीवरचे डबे खुळखुळले. तळवा टेकवला.

"ए दादा."

दुकानात अर्धी आली होती, इथे पुरी आली. आणि गिटारमधून नव्हती आली. आवाज दाराबाहेरून होता, जिन्यातून, खालून. हितेंद्रने तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली. डाव्या मनगटावर वजन आलं, ओळखीचं. त्याने दचकून आईकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर माळेत होते.

"ए दादा." आता बारीक.

ओ. एवढा एक शब्द. ओ म्हण, गाढवा! घशात त्याने जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, पण आतला तेवीस वर्षांचा हितेंद्र कोपरावर टेकून तसाच थांबला होता, तिसरीची वाट बघत. पंखा फिरत होता. समोरच्या खोलीत कुणी भांडी घासत होतं.

आणि तिसरी हाक आली.

"आये."

शेजारच्या ढोलाने जिला जाग येत नव्हती, दाराची कडी जिला सहा वर्षांत ऐकू आली नव्हती, त्या बाईने मान वर केली.

"ओ," कमळाबाई म्हणाली. "इलंय रे झिला."

ती उठली. गुडघे धरून उठणारी म्हातारी, सरळ उठली. कपाटाशी गेली, साड्यांच्या घडीत हात घातला आणि निळा पंप काढला. हितेंद्रला माहीतही नव्हतं की तिने तो ठेवलाय. ती दाराकडे निघाली तेव्हा त्याने पुढे होऊन तिचं मनगट धरलं.

"आई, थांब."

ती ओठ वाचत नसे, पण हे तिने वाचलं. त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग एकेक बोट सोडवलं.

"तिसरी हाक इली, हितू. आता कित्याक थांबू?"

ती खाली गेली. आणि हितेंद्र? तो उभाच राहिला. भीतीने नव्हे. त्याला आईचा हेवा वाटला. दोनदा दादा, दादा केलं आणि तिसऱ्यांदा आई! सव्वीस वर्षं ज्या हाकेसाठी कान टवकारून जगलो, ती आपली नव्हतीच. हा कडवट घोट गिळेपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढाच गेला, पण गेला. मग तो धावला.

मधल्या वळणावरून खाली वाकून पाहिलं. जिन्याखालच्या खोलीचं दार उघडं होतं. आत काळोख, बाहेर भर दुपारचं ऊन. आई दारात उभी होती आणि तिने पंपाचा हात आत पुढे केला होता. आतून कुणीतरी तो पंप घेतला. बोटं दिसली. नखं लांब होती, तार छेडणाऱ्याच्या उजव्या हाताची असतात तशी.

मग आत कुणीतरी श्वास घेतला. एकच. लांबलचक, संपता संपेना असा. तो चालू असताना आईची पाठ हळूहळू बारीक होत गेली आणि ती पायरीवर बसली.

५

डॉक्टरांनी वय लिहिलं, हृदय लिहिलं. शेजारी म्हणाले, "सोनं झालं म्हातारीचं." दोन दिवससुद्धा कुणाकडून करून घ्यावं लागलं नाही, पाच मिनिटांत गेली, आणखी काय हवं? ती खालच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेली सापडली. जिन्याखालच्या खोलीच्या दाराला मंडळाचं कुलूप होतं. किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष गावाला. पंप कुठेच मिळाला नाही. तो होता हे हितेंद्रशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याने सांगितलं नाही.

नववी तार त्याने काढली, तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. बुद्धभूषणला फोन लावला. फोन उचलला गेला.

"गिटार तयार आहे," हितेंद्र म्हणाला. "आठ तारा ठेवल्यात."

पलीकडून साधा श्वासही ऐकू येत नव्हता.  मग शांत आवाजात, "आई गेली का काका?"

हितेंद्रने फोन ठेवला. गिटार न्यायला कुणी आलं नाही. ती खाटेच्या बाजूला भिंतीशी उभी आहे, आठ तारांची.

दुकानात तो जातो. नानांना सांगतो, खालचे सूर नकोत, सहा तारांचा माल मागवा. नाना हसतात. नऊचा माल खपतोय, आता दहाच्याही येणार म्हणे.

रविवारी दुपारी तो जेवून लवंडतो. दोन वाजतात. तार नाही, अँप नाही, गिटारला कुणी हात लावलेला नाही. तरी जिन्यातून येते.

"हितू."

तो कोपरावर उठतो. आता काय राहिलंय थांबण्यासारखं? पहिल्याच हाकेला ओ देईन, असं त्याने आठवडाभर घोकलेलं असतं. तोंड उघडतो, आणि मनगटावर हात पडतो. सुरकुतलेला, माळेचे घट्टे असलेला. त्याला बघायची गरज पडत नाही.

"हितू." आता बारीक. जेमतेम.

हात घट्ट होतो. ती खालून हाका मारते आणि तीच वर त्याला धरून ठेवते. मेली तरी रीत मोडायची नाही! हितेंद्र थांबतो. पंखा फिरत राहतो. तिसरी येत नाही.

चारला नळाला पाणी येतं. मग तो कळशी घेऊन खाली जातो.